अलंकार आणि कथेचे घटक मुलांना कसे शिकवावेत

उपमेची व्याख्या मुलांना तोंडपाठ असते, पुस्तकातले उदाहरणही पाठ असते, आणि तरीही अनोळखी उताऱ्यात उपमा समोर आली की ती त्यांच्या नजरेतून निसटते. निसटली नाही, तर 'येथे उपमा अलंकार आहे' एवढे लिहून उत्तर थांबते. याचे कारण बहुतेक वेळा शिकवण्याच्या क्रमात सापडते. आपण आधी नाव सांगतो, मग व्याख्या देतो आणि शेवटी उदाहरण दाखवतो. प्रत्यक्ष वाचताना मात्र सगळे उलट्या क्रमाने घडते: आधी एखादे वाक्य मनाला लागते, मग ते का लागले याचे कुतूहल वाटते, आणि कारण हाती आल्यावर त्याला काही नाव असेल का, असा प्रश्न पडतो. साधारण नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी येथे जी पद्धत मांडली आहे, ती याच दुसऱ्या क्रमाने जाते. तिचे साधन एकच आहे: वाक्यातला एखादा शब्द, तुलना किंवा तपशील काढून किंवा बदलून पाहायचा आणि काय हरवले ते मुलांकडून बोलते करायचे.

सुरुवात छोट्या उताऱ्याने करावी. पुढचा उतारा मी याच कामासाठी लिहिला आहे. तो फळ्यावर मावतो आणि एका दमात वाचून होतो.

'पाऊस थांबला होता, पण छपराच्या कडेवरून थेंब अजून एकेक करून उडी मारत होते. आजोबांची छत्री घेऊन मनू दारात उभा होता. छत्रीची एक काडी मोडली होती. तिचे टोक वाकड्या बोटासारखे बाहेर आले होते. आतून आजोबांची हाक आली, "सापडली का रे छत्री?" मनूने छत्री पाठीमागे धरली आणि तो म्हणाला, "शोधतोय अजून."'

पहिल्या वाचनानंतर कोणतीही संज्ञा उच्चारू नये. तीनच प्रश्न विचारावेत: काय दिसले, काय ऐकू आले आणि कशाची काळजी वाटली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भराभर येतात. तिसऱ्या प्रश्नापाशी वर्ग जरा थबकतो आणि मग जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, 'मनूने छत्री मोडली आणि आता तो पकडला जाणार.' येथे मुलांना उताऱ्याकडे परत न्यावे आणि मनूने छत्री मोडल्याचे कोठे लिहिले आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगावे. ते कोठेच लिहिलेले नाही. छत्रीची काडी 'मोडली होती' एवढेच लेखक सांगतो. मोडणाऱ्याचे नाव घेत नाही. मग सगळ्यांनी तसे का धरले, हे शोधताना कोणीतरी 'छत्री पाठीमागे धरली' या शब्दांपाशी पोचतेच. आता ते शब्द पुसून उतारा पुन्हा वाचावा. 'शोधतोय अजून' हे उत्तर तसेच राहते, पण ते लपवालपवीचे आहे की नुसत्या आळसाचे, हे आता ठामपणे सांगता येत नाही. कथेत पात्र कसे उभे राहते, याचा पहिला धडा येथेच होतो. 'मनू घाबरला होता' असे लेखकाने सांगितले असते, तर आपण ते ऐकून घेतले असते. कृतीतून दाखवल्यामुळे ते आपले आपणच ओळखले, आणि स्वतः ओळखलेली गोष्ट मुले विसरत नाहीत.

यानंतर 'पात्रचित्रण' हा शब्द फळ्यावर लिहावा. पात्राविषयी काहीही म्हणायचे झाल्यास त्याची कृती, त्याचे बोलणे, इतर पात्रांचे त्याच्याशी वागणे किंवा लेखकाचे थेट वर्णन, यांपैकी कशाचा तरी आधार दाखवता आला पाहिजे, हा नियम मुलांनी वहीत लिहून घ्यावा. 'मनू खोटारडा आहे' असे उत्तर आले तर ते एकदम चूक ठरवू नये. एका खोट्यावरून स्वभाव ठरवता येईल का, एवढाच प्रश्न पुढे ठेवावा. त्यावर होणारी चर्चा कोणत्याही व्याख्येपेक्षा मोलाची असते.

उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक: एकाच काडीवर तिन्ही

आता उताऱ्यातल्या चौथ्या वाक्याकडे वळावे. 'वाकड्या बोटासारखे' हे शब्द पुसून 'तिचे टोक बाहेर आले होते' एवढेच ठेवावे. माहिती जवळपास तीच राहिली, चित्र मात्र पुसट झाले. मग त्या जागी 'वाळक्या फांदीसारखे' असे लिहून पाहावे. आकार जुळतो, तरी काहीतरी कमी पडते. बोट माणसाचे असते, वाकडे झालेले बोट दुखते आणि बोटाने कोणाकडे तरी रोख धरता येतो. फांदीपाशी यांतले काहीच नाही. या चर्चेनंतर उपमेची चार अंगे शिकवली तर ती रुक्ष वाटत नाहीत. ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय, म्हणजे काडीचे टोक. ज्याच्याशी तुलना केली ते उपमान, म्हणजे वाकडे बोट. दोघांत असलेला सारखेपणा म्हणजे साधारण धर्म, येथे वाकून बाहेर येणे. आणि तुलना जोडणारा 'सारखे' हा साम्यवाचक शब्द. प्रत्येक उपमेत चारही अंगे उघड लिहिलेली असतात असे नाही. बहुधा साधारण धर्म वाचकावर सोपवलेला असतो, म्हणून तो शोधून काढणे हाच सर्वांत चांगला सराव ठरतो.

याच काडीवर पुढचे दोन अलंकारही शिकवता येतात, आणि मला हा भाग संपूर्ण शिकवणुकीचा गाभा वाटतो. 'तिचे टोक म्हणजे जणू वाकडे बोटच होते' असे लिहिले की उत्प्रेक्षा होते. उपमेत दोन वस्तू शेजारी उभ्या होत्या. उत्प्रेक्षेत एक वस्तू जणू दुसरीच असावी अशी कल्पना केली जाते, आणि 'जणू', 'जणू काही', 'भासे', 'वाटे' असे शब्द त्या कल्पनेची खूण असतात. मग 'काडीचे ते वाकडे बोट मनूकडे रोखलेले होते' असे लिहून पाहावे. आता 'सारखे' गेले, 'जणू'ही गेले; काडी आणि बोट यांत भेदच उरला नाही. हे रूपक. या तिसऱ्या वाक्यात एक नवी गोष्ट घडली आहे, ती मुलांना स्वतः शोधू द्यावी: बोट आता मनूवर आरोप करते आहे. काडी एकदा बोट झाली की बोटाला जे करता येते ते तिलाही करता येते. मनूचे मन त्याला खात आहे हे लेखकाने शब्दाने सांगितलेले नाही, तरी वाचकाला ते कळते. तीनही वाक्ये एकाखाली एक लिहून 'तुमच्या गोष्टीत तुम्ही कोणते वापराल?' असे विचारावे. या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसते. मनू बिनधास्त मुलगा असेल तर आरोप करणारे बोट त्याच्या गोष्टीत शोभणारही नाही.

मराठीत शिकवताना दोन सापळ्यांपासून मुलांना सावध करायला हवे. 'सारखा' दिसला की उपमा, अशी खूणगाठ त्यांनी बांधलेली असते, आणि मग 'तो सारखा रडतो' या वाक्यालाही ती उपमा म्हणतात. तेथे 'सारखा' म्हणजे 'सतत'. 'माझी पेन्सिल तुझ्या पेन्सिलीसारखी आहे' यात तुलना खरीखुरी आहे, पण अलंकार नाही, कारण एकाच जातीच्या दोन वस्तू एकसारख्या असण्यात चमत्कृती कसली? वेगळ्या जातीच्या दोन गोष्टींत अनपेक्षित साम्य दिसले, तरच तुलनेला अलंकाराचे रूप येते.

दुसरा सापळा चेतनगुणोक्तीचा आहे. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते आहे असे वर्णन केले की हा अलंकार होतो, आणि आपल्या उताऱ्यात उडी मारणारे थेंब हे त्याचे उदाहरण आहे. पण चौकस मूल लगेच विचारते, 'मग "पाऊस थांबला" हीसुद्धा चेतनगुणोक्तीच का नाही? थांबतो तर माणूस.' हा प्रश्न आला की समजावे, वर्ग खरोखर वाचू लागला आहे. पाऊस थांबणे, रस्ता वळणे, घड्याळ चालणे ही भाषेची रोजची बोली आहे. कधीकाळी त्यांत कल्पना असली तरी आता ती झिजून गेली आहे, आणि ते शब्द ऐकताना कोणाच्याही डोळ्यांपुढे माणूस उभा राहत नाही. 'थेंब उडी मारत होते' वाचताना मात्र क्षणभर छपराच्या कडेला रांगेत उभी असलेली खोडकर मुले दिसतात. येथेही काढून पाहावे: 'थेंब पडत होते' असे लिहिले तर पावसाची माहिती मिळते, पण मजेत उड्या मारणारे थेंब आणि दारात खिळून उभा असलेला मुलगा यांतला विरोध नाहीसा होतो.

नादाचे अलंकार

हा भाग मोठ्याने वाचूनच शिकवावा. 'खळखळत, खिदळत खडकांवरून खाली येणारा ओढा' हे शब्द मुलांनी दोनदा म्हणावेत आणि मग 'आवाज करत दगडांवरून उतरणारा ओढा' असे म्हणावे. पहिल्यात 'ख'च्या आवृत्तीमुळे पाणी दगडांवर आपटते; दुसऱ्यात ते गप्प आहे. अनुप्रासाची याहून लांब ओळख देण्याची गरज पडत नाही. यमक मुलांना आधीच ठाऊक असते आणि आवडतेही. एवढेच सांगावे की यमकासाठी अर्थाची ओढाताण केलेली ओळ ऐकू आली तर ती ओळखता यायला हवी, आणि यमक नसलेली कविताही पूर्ण कविता असते.

श्लेषासाठी मी एक वाक्य हाताशी ठेवतो: 'होकायंत्राकडे नेहमी एकच उत्तर असते.' दिशा आणि जबाब असे दोन्ही अर्थ एकदम लागतात. 'उत्तर'ऐवजी 'जबाब' हा शब्द घातला की सारी गंमत ओसरते. शब्द बदलल्यावर जो अलंकार नाहीसा होतो तो शब्दालंकार. अर्थ कायम ठेवून दुसरा शब्द घातला तरी टिकतो तो अर्थालंकार, हा भेद मुलांना येथे विनासायास कळतो. जुन्या काव्यशास्त्रातही दोन्ही जातींची सुरुवात मोजक्याच नावांनी झाली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढच्या शतकांत ही संख्या वाढत जाऊन शंभराच्या पलीकडे गेली. एवढ्या लहान मुलांना सहा-सात अलंकार नीट ओळखता आले तर तेवढे पुष्कळ झाले.

अनुकरणवाचक शब्दांवर मात्र एक तास जरूर द्यावा, कारण मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. सळसळ, किणकिण, धाडकन या शब्दांत आवाज आहे हे सर्वांनाच कळते. पण लुकलुक, झगमग, मिणमिण या शब्दांचे काय? दिव्याला आवाज नसतो, तरी 'मिणमिण' म्हटल्यावर अशक्त उजेड दिसतो आणि 'झगमग' म्हटल्यावर डोळे दिपतात. ध्वनीने प्रकाश दाखवणाऱ्या या शब्दांची यादी मुलांनी स्वतः करावी. ती करताना त्यांना होणारा आनंद मी पाहिला आहे.

कथानक, संघर्ष आणि निवेदक

घटनांची यादी म्हणजे कथानक नव्हे, हे समजायला मुलांना वेळ लागतो. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये हा भेद एका साध्या उदाहरणाने दाखवला होता: राजा मरण पावला आणि मग राणी मरण पावली, ही नुसती घटनांची मालिका, राजा मरण पावला आणि त्या दुःखाने राणी मरण पावली, हे कथानक. दोन घटनांना कारणाने जोडले की वाचक 'पुढे काय?'बरोबर 'का?' असेही विचारू लागतो. म्हणून गोष्टीचा सारांश लिहून घेताना 'आणि मग' या शब्दांवर बंदी घालावी आणि त्यांच्या जागी 'म्हणून', 'त्यामुळे' किंवा 'पण' वापरायला सांगावे. एखाद्या ठिकाणी यांतला कोणताच शब्द बसला नाही, तर सारांशातून एखादा दुवा सुटला आहे किंवा ती घटना गोष्टीला नीट बांधलेलीच नाही.

शाळेत फळ्यावर काढतात तो कथेचा डोंगर, म्हणजे चढण, शिखर आणि उतरण, याचे मूळ जर्मन लेखक गुस्टाव फ्रायटाग यांच्या १८६३ मधील मांडणीत आहे, आणि ती मांडणी पाच अंकी नाटकांविषयी होती. त्यामुळे प्रत्येक लघुकथेत पाचही टप्पे सापडलेच पाहिजेत असा आग्रह धरू नये. कित्येक चांगल्या कथा शिखरावरच थांबतात.

'संघर्ष' म्हटले की मुलांना मारामारी आठवते. आपल्या उताऱ्यात कोणी कोणाला हातही लावत नाही, तरी संघर्ष आहे, आणि तो मनूच्या मनात आहे: खरे सांगावे की वेळ मारून न्यावी? पात्राला काय हवे आहे आणि आड काय येते आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की संघर्ष सापडला. आड येणारी गोष्ट दुसरी व्यक्ती असेल, निसर्ग असेल, समाजाची रीत असेल किंवा स्वतःचीच भीती असेल. स्थळ आणि काळ यांनाही हीच कसोटी लावावी. पाऊस 'थांबला होता' याऐवजी 'कोसळत होता' असे केले, तर आजोबांना छत्री तातडीने हवी असणार, मनूला फार वेळ मिळणार नाही, आणि तोच प्रसंग अधिक ताणला जाईल. वातावरण म्हणजे गोष्टीमागे टांगलेला पडदा असतो, ही समजूत एवढ्या एका बदलाने दूर होते.

निवेदक शिकवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे तोच प्रसंग दुसऱ्याच्या बाजूने लिहून घेणे. 'हा प्रसंग आजोबांच्या जागी बसून सांगा' असे म्हटले की बहुतेक मुले सवयीने असे लिहितात: 'मी आतून हाक मारली. मनूने मोडकी छत्री पाठीमागे लपवली.' येथे थांबवून विचारावे, आजोबा आत आहेत. त्यांना छत्री दिसली कशी? मग खोडाखोड सुरू होते. मोडकी काडी जाते, वाकडे बोट जाते, छपरावरचे थेंबही जातात. आजोबांपाशी राहतो तो फक्त आवाज: 'मी हाक मारली. उत्तर यायला नेहमीपेक्षा जरा उशीर झाला. "शोधतोय अजून," मनू म्हणाला. आवाज दारातून आला. शोधणारे पोर दारात कशाला उभे राहील?' निवेदक बदलला की कोणती माहिती वगळावी लागते आणि कोणती नवी सापडते, हे मुलांना येथे स्वतःच्या हाताने कळते. मूळ उताऱ्यात वाचकाला जे ठाऊक होते ते आजोबांना ठाऊक नव्हते, आणि त्या अंतरातूनच सगळी उत्कंठा निर्माण झाली होती. 'मी' म्हणून सांगणारा प्रथमपुरुषी निवेदक, बाहेरून सांगणारा तृतीयपुरुषी निवेदक आणि सर्वांच्या मनातले जाणणारा सर्वज्ञ निवेदक ही नावे आता द्यावीत.

आशयसूत्र आणि तात्पर्य

बोधकथांच्या सवयीमुळे मुले आशयसूत्राच्या जागी तात्पर्य लिहितात: 'खोटे बोलू नये.' तीन पायऱ्या वेगळ्या करून दाखवाव्यात. 'खोटेपणा' हा विषय झाला, तो एका शब्दात सांगता येतो. 'खोटे बोलू नये' हा उपदेश झाला. या विषयाविषयी ही विशिष्ट कथा काय दाखवते, ते सांगणारे पूर्ण वाक्य म्हणजे आशयसूत्र, आणि ते शेवटापर्यंत वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. समजा, आजोबा बाहेर येऊन म्हणाले, 'अरे, ती काडी तर मागच्या पावसाळ्यातच मोडली आहे.' मग ही गोष्ट भीतीची होते: न विचारता बाळगलेली भीती माणसाला विनाकारण खोटे बोलायला लावते. समजा, आजोबा 'राहू दे' म्हणून तसेच बाहेर पडले, वाटेत पुन्हा सर आली आणि भिजलेले आजोबा मनूने खिडकीतून पाहिले. आता गोष्ट वेगळीच झाली: आपल्या खोट्याची किंमत कधी कधी आपल्या माणसाला मोजावी लागते. उतारा तोच, शेवट दोन, आशयसूत्रे दोन.

प्रतीकाबाबत घाई करू नये. प्रत्येक वस्तूत खोल अर्थ शोधण्याची सवय लागली की मुले दिसेल त्याला प्रतीक म्हणू लागतात. एखादी वस्तू कथेत पुन्हा पुन्हा येत असेल, मोक्याच्या जागी येत असेल आणि तिच्या जागी दुसरी वस्तू ठेवल्यास कथा लंगडी पडत असेल, तरच त्या अर्थाचा विचार करावा. छत्री मोडण्याऐवजी डबा मोडला असता तर वरचा दुसरा शेवट जमला असता का, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.

लेखी उत्तरासाठी मुलांना तीन वाक्यांची सवय लावावी. पहिल्या वाक्यात अलंकाराचे किंवा घटकाचे नाव, दुसऱ्यात उताऱ्यातले नेमके शब्द आणि तिसऱ्यात ते शब्द नसते तर काय हरवले असते ते. तिसरे वाक्य सुरुवातीला अडखळत येते. 'वर्णन सुंदर झाले आहे' असे काहीतरी लिहून मुले सुटका करून घेतात. ते वाक्य परत द्यावे आणि विचारावे, 'सुंदर म्हणजे काय दिसले?' स्वतः गोष्ट लिहिताना मात्र क्रम उलटा ठेवावा: आधी साधी, बिनअलंकाराची वाक्ये लिहून गोष्ट पूर्ण करावी, मग जेथे चित्र पुसट राहिले असेल अशी एकच जागा निवडून तेथे उपमा किंवा रूपक घालावे. पहिला सराव म्हणून मनूची गोष्ट पुढे लिहायला द्यावी, अट एवढीच की छत्री कोणी मोडली हे शेवटच्या वाक्यापर्यंत सांगायचे नाही.